प्रवेश परीक्षा नेमके काय मोजते?

(१९८१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा: "तू एवढी वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलंस, तर सीईटी, नीट, जेईई यांतून मुलांची बुद्धी खरंच कळते का, ते सांग. वीस मिनिटांत." आपल्यापैकी बहुतेकांची मुले या परीक्षांतून गेलेली आहेत. काहींनी तर नातवंडांसाठी आतापासूनच क्लासची चौकशी सुरू केली आहे, हे मघाशी चहाच्या वेळी कानावर आले. त्यामुळे विषय घरचाच आहे.

आपण चौथी-सातवीला शिष्यवृत्तीला बसलो होतो. मधली काही वर्षे ती परीक्षा पाचवी आणि आठवीला होती. तिच्यात 'बुद्धिमत्ता चाचणी' नावाचा एक भाग असतो. बाजारपेठेतल्या कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात जा, त्या भागाची मार्गदर्शके आणि सरावसंच मांडलेले दिसतील. मालिका पूर्ण करा, वेगळे पद ओळखा, आरशातील प्रतिमा ओळखा. मुले दिवाळीनंतर हे सोडवायला लागतात आणि फेब्रुवारीपर्यंत त्यांचे गुण चांगले वाढतात. बुद्धी तीन महिन्यांच्या सरावाने वाढते, की आपण बुद्धी म्हणून भलतेच काही मोजतो आहोत? या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा परदेशातला आहे. तो थोडा सांगतो, कारण आपल्या परीक्षांची मुळे तिथे आहेत.

सुरुवात पॅरिसमध्ये झाली. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी, यासाठी आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ मध्ये एक चाचणी तयार केली. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि कायमची असते, असे बिने मानत नव्हते. त्यांचा उद्देश मुलांना उत्तेजन देण्याचा होता, शिक्का मारण्याचा नव्हता. पुढे धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी याच चाचणीला मराठी आणि कानडी मुलांसाठी रूप दिले. तिला बिने-कामत चाचणी म्हणतात आणि आपल्याकडचे मानसशास्त्रज्ञ ती अजूनही वापरतात. चाचणी दुसऱ्या भाषेत नेताना नुसते भाषांतर पुरत नाही, तिथल्या मुलाच्या ओळखीच्या वस्तू आणि प्रसंग घ्यावे लागतात, हे कामतांचे काम पाहिले की कळते.

अमेरिकेत मात्र गाडी वेगळ्या रुळावर गेली. पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्याने सतरा लाखांच्या आसपास जवानांची बुद्धी लेखी परीक्षेने मोजली. त्यात एक प्रश्न होता: क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? क्रिस्को हे तिथल्या वनस्पती तुपासारख्या पदार्थाचे व्यापारी नाव. इटलीहून किंवा रशियाहून नुकत्याच आलेल्या माणसाला ते कुठून माहीत असणार? आपण पुण्याच्या मुलाला विचारावे, पाभर म्हणजे काय? भांडे, दागिना, अवजार की भाजी? आणि त्याने 'भाजी'वर खूण केली की त्याला मंदबुद्धी ठरवावे, तसला हा प्रकार. (समोर काही जण एकमेकांकडे बघताहेत. पेरणीचे अवजार असते ते!)

या आकड्यांवरून प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहिले आणि उत्तर युरोपातले लोक बुद्धीने श्रेष्ठ, बाकीचे कमी, असा निष्कर्ष काढला. याच ब्रिगहॅम यांच्या नेतृत्वाखाली स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट, म्हणजे सॅट, तयार झाली आणि २३ जून १९२६ रोजी सुमारे आठ हजार मुलांनी ती पहिल्यांदा दिली. महाविद्यालयीन प्रवेशाच्या आजच्या प्रमाणित परीक्षांची ही आजी म्हणा. गंमत अशी, की १९३० मध्ये ब्रिगहॅम यांनी आपले आधीचे निष्कर्ष निराधार होते, असे स्वतःच छापून सांगितले. परीक्षा मात्र वाढतच गेली.

तिच्या नावाची कथाही ऐकण्यासारखी आहे. 'ॲप्टिट्यूड' म्हणजे अंगची क्षमता. ही क्षमता शिकवणीने वाढत नाही, असा दावा होता. पण ब्रुकलिनमध्ये स्टॅन्ली कॅप्लान नावाचा शिक्षक १९४६ पासून घराच्या तळघरात सॅटची शिकवणी घेऊ लागला आणि त्यातून देशभर पसरलेला धंदा उभा राहिला. १९९० च्या दशकात परीक्षेच्या नावातला 'ॲप्टिट्यूड' काढून 'असेसमेंट' घातला गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत जाहीर झाले, की सॅट ही नुसती तीन अक्षरे आहेत, त्यांचा विस्तार काहीच नाही. परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतःच नावातून क्षमतेचा दावा काढून टाकला, तो आपण मात्र घरोघर जपून ठेवला आहे.

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर मी अर्धेच बोललो असे होईल. या परीक्षा काहीच मोजत नाहीत, असे म्हणणे खरे नाही. २००४ मध्ये फ्रे आणि डेटरमन या दोन संशोधकांनी सॅटचे गुण आणि इतर बौद्धिक चाचण्यांतून निघणारा सामान्य बुद्धीचा अंक यांची तुलना केली, तेव्हा दोहोंतला सहसंबंध ०.८२ आला. संख्याशास्त्र शिकलेल्यांना कळेल की हा फार मोठा आहे. माझा वर्गातला अनुभवही तसाच आहे. सीईटीत अगदी वर आलेल्या मुलाला डोके नाही, असे मी कधी पाहिले नाही. अडचण उलट बाजूने येते. जो वर आला नाही त्याला डोके नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय ज्या चाचण्यांशी तुलना केली, त्याही कागदावरच्या, वेळ लावलेल्या, पर्यायांच्याच. जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले, की विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्ध्यंक दर दहा वर्षांनी सुमारे तीन गुणांनी वाढत गेला. पणजोबांपेक्षा आपला मेंदू मोठा झालेला नाही. शाळा वाढल्या, असल्या प्रश्नांची सवय वाढली.

मी फिजिक्सचा माणूस. प्रयोगशाळेत आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी व्हर्निअर कॅलिपर देतो आणि विचारतो, याचे लघुतम माप किती? ज्या उपकरणाला मिलिमीटरच्या दहाव्या भागापलीकडे दिसत नाही, त्याने मोजून कोणी हजारावा भाग लिहिला, तर आम्ही गुण कापतो. सॅट घेणारे निदान आपले लघुतम माप सांगतात. २०० ते ८०० च्या पट्टीवर एका विभागात तीसेक गुण इकडेतिकडे होणे हे मोजमापातच धरलेले असते. आपल्याकडे जेईई मेन आणि एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापतात. सारखे गुण पडून क्रमांक अडू नयेत, एवढाच त्याचा उपयोग. पण आई-वडील त्याकडे सोन्याच्या तराजूसारखे बघतात. आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे मला अजून दर जूनमध्ये कोणाला तरी समजावून सांगावे लागते. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांपैकी नव्वद तुमच्या बरोबरीला किंवा मागे. पेपरातले किती आले, हे त्यात कुठेच नाही.

२०२४ च्या नीटमध्ये काय झाले ते आठवा. पेपरफुटीबद्दल मी बोलत नाही, ते कोर्टात गाजले. मी एका प्रश्नाबद्दल बोलतो आहे. फिजिक्सचा प्रश्न होता, अणूसंबंधीची दोन विधाने तपासायची. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, हे त्यातले दुसरे. जुन्या पाठ्यपुस्तकात तसेच छापले होते, म्हणून परीक्षा घेणाऱ्यांनी दोन उत्तरे बरोबर धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून मत घेतले आणि एकच उत्तर बरोबर ठरले. किरणोत्सारी मूलद्रव्ये असताना सगळे अणू स्थिर कसे म्हणता येतील, ते बरोबरच होते. पण परिणाम बघा. चार लाखांहून जास्त मुलांनी दुसरा पर्याय निवडला होता. त्यांचे मिळालेले चार गुण गेले आणि वर एक उणे झाला. पैकीच्या पैकी, म्हणजे ७२० गुण मिळालेले ६१ जण होते, ते १७ उरले. यातली बरीच मुले घरात मोठ्या भावंडाचे जुने पुस्तक होते म्हणून तो पर्याय निवडून बसली असणार. नवे पुस्तक घेणे परवडत नाही, अशा घरांत हेच होते. त्या एका निर्णयाने क्रमांक हजारोंनी हलले. कोणाचीही बुद्धी हलली नाही.

त्या वर्षी २३ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या. मला वाटते, सगळ्या गोष्टीची किल्ली या दोन आकड्यांत आहे. ही चाळण आहे. जागा एवढ्याच, तेव्हा उरलेल्या बावीस लाखांना काहीतरी कारण दाखवून बाहेर ठेवायचे आहे, आणि ते कारण कोणाच्या आडनावावर किंवा वशिल्यावर अवलंबून नसावे. हे काम परीक्षा बऱ्यापैकी करते, आणि ते लहानसहान काम नाही. संगणकाला उमेदवाराचा बाप कोण आहे ते कळत नाही, यासाठी मी तिच्या बाजूने उभा राहीन. फक्त चाळणीच्या भोकांच्या आकाराला धान्याचा कस म्हणू नका.

आणि भोकांचा आकार कसा ठरतो, तेही पाहा. नीटमध्ये आता १८० मिनिटांत १८० प्रश्न आहेत. मिनिटाला एक. आयआयटीची परीक्षा २००५ पर्यंत सविस्तर उत्तरांची होती, २००६ पासून पर्यायांची झाली. लाखो मुले बसतात, पेपर तपासणार कोण, ही अडचण खरी आहे. पण मुलगा वाट कशी काढतो, ते आता दिसत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती. कप्पीचे गणित सगळ्यांनी तीन ओळींत सोडवले, तरी ती तासाला मागे थांबून विचारी, "सर, दोरीला वजनच नाही असं धरलं, मग ताण दोरीत राहतो कुठे?" असा प्रश्न माझ्या सबंध नोकरीत मला आणखी दोघा-तिघांनीच विचारला असेल. सीईटीत तिचा नंबर सामान्य आला. तिचे कसे अद्भुत झाले, असली गोष्ट मी सांगणार नाही. ती डिप्लोमा करून चाकणला एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे, आणि माझ्या मते ती त्या वर्गातली सर्वांत बुद्धिमान विद्यार्थिनी होती. तिच्या आई-वडिलांना मात्र आपली मुलगी 'साधारण' आहे असे वाटते, कारण निकालपत्रावर तसे आहे.

म्हणून दुपारच्या सभेत येणाऱ्या एका ठरावाबद्दल आत्ताच बोलतो. आपल्या संघाने असे योजले आहे, की शाळेच्या ज्या विद्यार्थ्याला सीईटी, नीट किंवा जेईईत सर्वाधिक पर्सेंटाइल मिळेल, त्याला दरवर्षी 'प्रज्ञावंत पुरस्कार' द्यायचा. कल्पना मांडणारे आपलेच मित्र आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे. माझा विरोध नावाला आहे, आणि पैसे कुठे जातात त्यालाही. ज्याला ९९ पर्सेंटाइल मिळाले त्याचे कौतुक जिल्ह्यातला प्रत्येक क्लास फ्लेक्स लावून करणारच आहे. आपल्या रकमेने त्याच्या आयुष्यात फरक पडणार नाही.

फरक कुठे पडेल, ते मी प्रवेशाच्या हंगामात वर्षानुवर्षे बघितले आहे. सीईटी संगणकावर होते. वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलांनी मोबाइल खूप हाताळलेला असतो, पण माउस पहिल्यांदा परीक्षा केंद्रावर हातात येतो. केंद्र जिल्ह्याच्या गावी, सकाळची पाळी, म्हणजे आदल्या रात्री मुक्काम. मुलीबरोबर आईला किंवा वडिलांना जावे लागते, दोन दिवसांची मजुरी बुडते. त्यातून चांगले गुण मिळाले, तर पुढे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा अर्ज. पसंतीक्रम कसा भरायचा हे सांगणारे घरात कोणी नाही. नॉन क्रीमी लेअरचा दाखला जुना, जात वैधता प्रमाणपत्राची पावती हरवलेली. अशा कागदांपायी हाती आलेली जागा सुटलेली मी एकदा नव्हे, दरवर्षी पाहिली आहे. यातले काहीही कोणती परीक्षा मोजत नाही, तरी ज्या यादीला आपण बुद्धीची यादी म्हणतो, तिच्यात कोण दिसेल हे यानेही ठरते.

आपल्या तुकडीत तहसील कचेरीत नोकरी केलेले दोघे आहेत, एसटीत आहेत, बँकेत आहेत, तीन शिक्षक आहेत, आणि पुण्याला संगणकाच्या कंपन्यांत असलेली मुले तर घरोघर आहेत. शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेशेजारची खोली रिकामी आहे, मुख्याध्यापकांना मी विचारले आहे. तिथे वापरलेले दहा संगणक बसले आणि मार्चपासून रोज संध्याकाळी दोन तास सराव परीक्षा झाल्या, तर पुरस्काराच्या रकमेत पहिले वर्ष निघेल. जून-जुलैत त्याच खोलीत दाखले आणि पसंतीक्रम तपासायला कोणीतरी बसावे. फिजिक्सच्या शंकांना मी बसेन, आठवड्यातून तीन दिवस, फी नाही. ठराव यादीत चौथ्या क्रमांकावर आहे. जेवणानंतर कोणी लवकर निघणार असेल, तर त्याआधी आपले मत सचिवांकडे लिहून द्यावे.