झेंडा कुणाचा वर?



दहावीचा निकाल लागला की 'पोरगी फ्लाइंग कलर्सनी पास झाली' असं हल्ली वाडीवस्तीवरही ऐकू येतं. शब्दशः घेतलं तर 'उडते रंग'. मग मार्कांचा आणि रंगांचा संबंध काय?

यातला 'कलर' म्हणजे रंग नव्हे, झेंडा. आपल्या सैन्यात 'प्रेसिडेंट्स कलर' देतात, तोही ध्वजच असतो. शिडाच्या जहाजांच्या काळात समुद्रावर लढाई झाली, की हरलेलं जहाज आपला झेंडा खाली उतरवायचं. ती शरण गेल्याची खूण. झेंडा फडकवत जहाज बंदरात आलं, की काठावरच्यांना लांबूनच कळायचं, हे शरण गेलेलं नाही. शिडं फाटली असतील, डोलकाठी मोडली असेल, माणसंही गेली असतील. पण झेंडा वर आहे. म्हणजे मुळात हा शब्द पहिल्या नंबराचा नव्हताच. 'मोठं यश' हा अर्थ त्याला पुढे चिकटला.

आपल्याकडेही यशाला झेंडाच लागतो. 'अटकेपार झेंडा लावला' म्हणतो ना आपण? अटक हे सिंधू नदीकाठचं ठाणं, आज पाकिस्तानात आहे. १७५८ साली राघोबादादांच्या मोहिमेत मराठी फौजा तिथवर पोचल्या. पुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्या मोहिमेवरून दादा पुण्याला आले ते डोक्यावर कर्ज घेऊन, आणि दोन वर्षांच्या आत पंजाब हातचा गेला. (कर्जाचं नाव निघालं की गटातल्या बायांचे कान टवकारतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.)

आता आपल्या गटांचं बघा. प्रदर्शनात लाखाचा माल विकणाऱ्या गटाचा फोटो छापून येतो. येऊ दे, कष्ट त्यांचेही आहेतच. पण दुष्काळात ज्यांनी एकही बैठक चुकवली नाही, पन्नास-पन्नास रुपये का होईना जमवले, बँकेचा हप्ता थकू दिला नाही, त्या गटाचं नाव गावातही ठाऊक नसतं. मला विचाराल तर जहाजावरचा तो झेंडा यांचा. बँकसुद्धा पुढचं कर्ज देताना फोटो बघत नाही. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाची वही, ही पंचसूत्रीच बघते.

मार्चअखेर गटाचा अहवाल लिहाल, तेव्हा विक्रीच्या आकड्याशेजारी एक रकाना जास्तीचा आखा. देणं किती उरलं, आणि वर्षभरात किती हप्ते वेळेवर गेले, ते त्यात लिहा. वार्षिक सभेत तोही रकाना मोठ्यानं वाचा.