लोकसंकल्पातून उभे राहिलेले विद्यापीठ

शिक्षणसंस्था केवळ शासनाच्या आदेशाने रुजत नाहीत. त्यासाठी समाजाने मनावर घ्यावे लागते. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात, अटलांटिक किनाऱ्यालगत असलेले कोस्टल कॅरोलिना विद्यापीठ हा त्याचा दाखला होय.

१९५४ साली कॉनवे येथील नागरिकांनी पुढाकार घेतला. स्वतःची इमारत नव्हती. शाळा सुटल्यावर तिच्याच वर्गांत ५३ विद्यार्थ्यांचे महाविद्यालय भरू लागले. पुढे परगण्याच्या करातून त्यासाठी निधी मिळू लागला. १९६० मध्ये ते साउथ कॅरोलिना विद्यापीठाची शाखा बनले आणि १९९३ मध्ये स्वतंत्र सार्वजनिक विद्यापीठ झाले.

क्रीडांगणावरही हीच चिकाटी दिसली. येथेच खेळलेले गॅरी गिलमोर १९९६ च्या हंगामापासून बेसबॉलचे प्रशिक्षक झाले. तब्बल २० वर्षांनी, २०१६ मध्ये, त्यांचा संघ महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यात प्रथमच पोहोचला. अॅरिझोनाविरुद्ध अंतिम मालिकेतील पहिला सामना त्याने गमावला. उरलेले दोन्ही एकेका धावेने जिंकून तो विजेता ठरला.

अनुदानाची वाट पाहत थांबलेल्या प्रत्येक गावाने ही कथा ध्यानी घ्यावी. आरंभ ५३ जणांनी होतो. फळ मात्र पुढच्या पिढीच्या पदरी पडते.