युद्धनौकेवरील नुकसान नियंत्रणाच्या नोंदी

युद्धनौकेला क्षेपणास्त्र किंवा सुरुंग लागला, दुसऱ्या जहाजाची धडक बसली किंवा आत आग भडकली, तर जहाज तरंगते ठेवण्याच्या सगळ्या खटाटोपाला नुकसान नियंत्रण म्हणतात. पंप, पाण्याचे पाइप, लाकडी पाचरी, टेकू आणि घामाघूम माणसे यांच्या बळावर ते चालते. पण कोणती माणसे कुठे पाठवायची, हे एका बंद खोलीत ठरते. अमेरिकी नौदलात त्या खोलीला डॅमेज कंट्रोल सेंट्रल म्हणतात, ब्रिटिश नौदलात एचक्यू वन. तिथे बसलेल्या अधिकाऱ्याला ना पाणी दिसते, ना धूर. त्याच्यासमोर असतात जहाजाचे आराखडे, नोंदवह्या आणि येणाऱ्या संदेशांच्या चिठ्ठ्या. त्यांतली माहिती जुनी किंवा खोटी असेल, तर शूर माणसेही चुकीच्या दाराशी जाऊन उभी राहतात. या नोंदींची अमेरिकी पद्धत हस्तपुस्तकांमधून सविस्तर छापलेली आहे, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः तिच्या आधारे आहे.

सुरुवात पत्त्यापासून होते. मोठ्या युद्धनौकेत शेकडो कप्पे असतात. ‘स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत पाणी शिरले आहे’ ही खबर तिथे कुचकामी ठरते, म्हणून प्रत्येक कप्प्याला चार भागांचा क्रमांक दिलेला असतो आणि तो भिंतीवर पिवळ्या चौकटीत रंगवलेला असतो. पहिला आकडा डेकचा. मुख्य डेक एक, त्याखाली दोन, तीन, चार. वरच्या मजल्यांच्या आकड्यांआधी शून्य. दुसरा आकडा फ्रेमचा, म्हणजे जहाजाच्या नाळेकडून मागे मोजत गेलेल्या बरगड्यांचा. तिसऱ्या आकड्यावरून बाजू कळते: मधोमध शून्य, उजवीकडे विषम, डावीकडे सम. शेवटी कप्प्याचा उपयोग सांगणारे अक्षर येते. २-१२०-३-एल म्हणजे दुसऱ्या डेकवर, एकशेविसाव्या फ्रेमपासून सुरू होणारा, मध्यरेषेच्या उजवीकडचा दुसरा कप्पा, आणि तो राहण्याचा. हे शेवटचे अक्षर फार मोलाचे. एल असलेल्या कप्प्यातून धूर आला, तर गाद्या आणि कपडे पेटले असतील. एम असेल, तर आत दारूगोळा आहे. पाण्याचा पाइप उचलण्याआधीच हा फरक कळलेला बरा.

प्रत्येक कप्प्याच्या दाराजवळ एक यादी लावलेली असते. त्या कप्प्यात नुकसान नियंत्रणाच्या दृष्टीने महत्त्वाचे जे जे आहे, म्हणजे दरवाजे, हॅच, व्हॉल्व्ह, वायुवीजनाची झाकणे, अग्निशामक, ते सगळे त्या यादीत क्रमांकासह येते. वस्तू कुठे आहे, कशासाठी आहे, कोणत्या वर्गातली आहे आणि तिची जबाबदारी कोणत्या विभागाकडे आहे, हेही लिहिलेले असते. अंधारात, धुरात, परक्या कप्प्यात शिरलेल्या खलाशाला व्हॉल्व्ह शोधावा लागू नये, हा तिचा हेतू. दुरुस्तीत एखादा व्हॉल्व्ह काढून दुसरीकडे बसवला आणि यादी तशीच राहिली, तर तिचा उपयोग उलटाच होतो. म्हणून प्रत्येक विभागातल्या एका खलाशाला ठरावीक मुदतीसाठी हेच काम दिलेले असते: यादी हातात घेऊन प्रत्येक वस्तूला हात लावून पाहायचे.

या वस्तूंचे वर्ग तीन स्थितींशी जोडलेले आहेत. एक्स-रे ही सर्वांत सैल स्थिती, सुरक्षित बंदरात कामाच्या वेळी ठेवण्याची. योक ही त्याहून कडक. समुद्रावर असताना आणि बंदरातही कामाच्या वेळेबाहेर तीच असते. झेब्रा म्हणजे लढाईची स्थिती. आग लागली किंवा पाणी शिरले तरीही तीच लागू होते आणि जहाज जितके बंद करता येईल तितके बंद होते. दरवाजांवर एक्स, वाय आणि झेड ही अक्षरे रंगवलेली असतात. काही अक्षरांभोवती वर्तुळ असते. लाल वर्तुळातला झेड असलेला दरवाजा झेब्रा स्थितीतही, लढाई लांबली तर, जेवण पोचवण्यासाठी कप्तानाच्या परवानगीने उघडता येतो. तो उघडला, तर तिथे माणूस उभा ठेवावा लागतो.

मुख्य प्रश्न इथेच येतो. जहाजावर माणसे राहतात, काम करतात, सामान हलवतात. सगळे दरवाजे सतत बंद ठेवणे शक्य नसते. ठरलेल्या स्थितीला अपवाद करावाच लागतो, आणि तो नोंदवण्यासाठी क्लोजर लॉग ही वही असते. बंद असायला हवा असा दरवाजा उघडायचा असेल, तर आधी परवानगी घ्यावी लागते. मग वहीत लिहिले जाते: दरवाजाचा क्रमांक, त्याचा वर्ग, कोणी मागितले, कोणी परवानगी दिली, केव्हा उघडला, आणि शेवटच्या रकान्यात केव्हा बंद झाला. जहाजाच्या सगळ्या कागदांत ही वही दिसायला सर्वांत साधी असते, पण अचानक धडक बसली की त्या क्षणी जहाज कुठे उघडे आहे, हे सांगणारी तीच. शेवटचा रकाना रिकामा असलेली प्रत्येक ओळ म्हणजे पाण्याला आणि धुराला मोकळा मार्ग.

ही वही कंटाळवाणी असते आणि तिचा धोकाही त्या कंटाळ्यातच आहे. पाळी संपताना न फिरता केलेली सही आणि फिरून केलेली सही कागदावर सारखीच दिसते. जहाज दुरुस्तीला गोदीत असले की हा धोका वाढतो. कंत्राटदारांच्या केबल, हवेच्या नळ्या, वेल्डिंगच्या तारा दरवाजांतून आणि हॅचमधून ओढलेल्या असतात, आणि ते बंद करायचे तर आधी त्या सोडवाव्या लागतात.

१२ जुलै २०२० रोजी सॅन डिएगो बंदरात दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या बॉनहोम रिचर्ड या अमेरिकी नौकेला आग लागली. ती चार दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली आणि जहाज शेवटी मोडीत काढावे लागले. नौदलाच्या चौकशी अहवालानुसार त्या सकाळी जहाजावरची ८७ टक्के अग्निशमन ठाणी देखभालीच्या नोंदीत ‘निष्क्रिय’ होती. आग विझवणारा फेस सोडण्याचे बटण कोणीच दाबले नाही. ज्यांच्या जबान्या झाल्या, त्यांच्यापैकी कोणाला ते कुठे आहे आणि कशासाठी आहे, याची नेमकी माहितीही नव्हती. ठाणी निष्क्रिय आहेत हे कागदावर लिहिलेले होते. त्याचा अर्थ काय, हे कोणी वाचले नाही. नोंद करणे हे अर्धेच काम. ती वाचून कोणी तरी अस्वस्थ होणे हा दुसरा भाग, आणि तोच बहुधा राहून जातो.

दुसरा मोठा हिशेब द्रवांचा. इंधन, गोडे पाणी आणि तोल सांभाळण्यासाठी घेतलेले पाणी कोणत्या टाकीत किती आहे, हे रोज मोजून लिहितात. निघताना आणि बंदरात शिरताना जहाज पुढे व मागे किती बुडाले आहे, हेही नोंदवतात. रात्री फिरणारा पहारेकरी टाक्यांत आणि रिकाम्या कप्प्यांत मोजपट्टी सोडून पाणी वाढले का ते पाहतो. मापे रोज तीच येतात, म्हणून न मोजता कालचा आकडा लिहून टाकण्याचा मोह होतो. पण जहाज खरोखर किती तोल सांभाळू शकेल, हे या आकड्यांवरूनच काढले जाते. अर्धवट भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण जहाज कलले की आतले पाणी त्याच बाजूला धावते आणि ते आणखी कलते.

नुकसान नियंत्रणाच्या ग्रंथात यासाठी एक रंगीत आराखडा असतो. पाणी भरले तर ज्या कप्प्यांमुळे जहाजाची स्थिरता कमी होते, ते गुलाबी. ज्यांत पाणी आले तर उलट स्थिरता वाढते, ते हिरवे. पूर्ण भरले तर फायदा आणि अर्धवट राहिले तर तोटा, असे कप्पे पिवळे. विशेष फरक पडत नाही, ते पांढरे. वरवर पाहता विचित्र वाटणारा हिरवा रंग अगदी खरा आहे: जहाजाच्या तळाशी भरलेले पाणी वजन खाली आणते.

या हिशेबाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे न्यूयॉर्कच्या धक्क्यावर दिसले. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी नॉर्मंडी या प्रवासी जहाजाचे सैन्यवाहू जहाजात रूपांतर चालू असताना वेल्डिंगच्या ठिणगीने आग लागली. बंबांनी वरच्या डेकवर पाणी ओतले, ते तिथेच साचले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जहाज कुशीवर पडले. त्याचे रचनाकार व्लादिमिर युर्केविच धक्क्यावर आले होते. खालून पाणी आत घेऊन जहाज तळावर टेकवावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना आत सोडले नाही. मुंबईच्या नौदल गोदीतही २१ जुलै २०२४ रोजी दुरुस्तीखाली असलेल्या आयएनएस ब्रह्मपुत्रा या फ्रिगेटला आग लागली. आग आटोक्यात आल्यावर जहाज डावीकडे कलत गेले आणि त्या वेळी सरळ करता आले नाही. त्या दुर्घटनेत एका खलाशाचा मृत्यू झाला.

प्रत्यक्ष संकटात नोंदींचे रूप बदलते. आता वह्या नसतात. छापील संदेशपत्रे असतात, फोनवर बोलणारे खलाशी असतात आणि फोन तुटले तर धावणारे निरोपे. संदेश जसा आला तसाच पुढे द्यायचा, आपल्या शब्दांत सांगायचा नाही, हा कडक नियम. प्रत्येक संदेशावर वेळ लिहायची. मध्यवर्ती खोलीत आणि जहाजावर पसरलेल्या दुरुस्ती ठाण्यांत प्लास्टिकचे आवरण घातलेले आराखडे टांगलेले असतात. त्यांवर ग्रीस पेन्सिलने आग, पाणी, छिद्र आणि तुटलेला पाइप यांची ठरलेली चिन्हे काढतात. काम सुरू झाले, आटोक्यात आले, की चिन्हात भर पडते. सगळी ठाणी तीच चिन्हे वापरतात, त्यामुळे मध्यवर्ती खोलीच उद्ध्वस्त झाली, तर एखादे दुरुस्ती ठाणे त्याच चित्रावरून काम पुढे चालवू शकते. आज हे सगळे संगणकाच्या पडद्यावरही दिसते. पण वीज गेली की पडदा काळा होतो, म्हणून पेन्सिल अजून हद्दपार झालेली नाही. भारतीय नौदलात या कामाचे शिक्षण लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या तळावरच्या एनबीसीडी (आण्विक, जैविक, रासायनिक संरक्षण आणि नुकसान नियंत्रण) शाळेत दिले जाते.

संकट टळल्यावरच्या नोंदी पुढच्या पिढीसाठी असतात. २९ जुलै १९६७ रोजी टोंकिनच्या आखातात फॉरेस्टल या विमानवाहू नौकेवर आग लागली आणि १३४ जण मेले. उड्डाणपट्टीवरच्या कॅमेऱ्याने ते सगळे टिपले. एका तुकडीने पसरवलेला फेस दुसऱ्या तुकडीच्या पाण्याने धुऊन जाताना त्या चित्रफितीत दिसतो. ती पुढे अनेक वर्षे अमेरिकी खलाशांना प्रशिक्षणात दाखवली गेली.

आराखडा बरोबर आहे असे धरून चालण्यात किती धोका असतो, हे नॉर्वेने पाहिले. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे चार वाजता बेर्गनजवळच्या येल्टेफ्योर्डमध्ये हेल्गे इंगस्टाड ही फ्रिगेट सोला टीएस या तेलवाहू जहाजावर आदळली. नौकेवर १३७ जण होते, सगळे वाचले. तीन कप्प्यांत पाणी शिरल्याचे स्पष्ट झाले. स्थिरतेची कागदपत्रे पाहून कर्मचाऱ्यांनी ठरवले की स्थिती वाईट आहे, पण जहाज तरंगेल. याहून जास्त कप्पे भरले, तर ते गेलेच. मग मागच्या जनित्र-कक्षातले पाणी जहाजाचा पंखा (प्रॉपेलर) फिरवणाऱ्या पोकळ दांड्यांमधून गिअर-कक्षात वाहू लागले आणि तिथून आडभिंतींतल्या सांध्यांवाटे इंजिनकक्षांत. ज्या भिंती कागदावर पाणबंद होत्या, त्या पाणबंद नव्हत्या. जहाज सोडायचा निर्णय झाला.

अपघात तपास मंडळाने २०१८ मध्येच या उणिवेबद्दल स्पेनमधल्या नावान्टिया या बांधणी कंपनीला तातडीचा इशारा दिला, कारण तिच्या इतर जहाजांतही तीच रचना असण्याची शक्यता होती. २०२१ च्या दुसऱ्या अहवालात मात्र आणखी एक निष्कर्ष आला. जहाज सोडताना अनेक दरवाजे, हॅच आणि इतर झडपा उघड्याच राहिल्या होत्या. त्या बंद केल्या असत्या, तर हेल्गे इंगस्टाड बुडाली नसती.