चिन्ह आणि विमान

(हीरकमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी-प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आजच्या प्रदर्शनात तिसऱ्या टेबलावर वीतभरही लांब नसलेले एक तांबडे विमान ठेवलेले आहे. त्याच्याविषयीच मी बोलणार आहे. कारण त्याने शिकवलेला पहिला धडा माझ्याच वाट्याला आला.

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती घडवण्याचा हा छंद. 1:72 या प्रमाणात खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतील एक इंच. पेटीत चिन्हांचा एक कागद येतो, त्याला डेकल म्हणतात. मात्र त्यावर बहुधा एकदोन विमानांचीच चिन्हे असतात. आपल्या वायुसेनेची हवी असतील, तर दुसऱ्या एखाद्या छोट्या उत्पादकाने स्वतंत्रपणे छापलेला कागद शोधावा लागतो. घरच्या प्रिंटरवर हे साधत नाही. त्यात पांढरी शाई नसते, आणि पांढऱ्या थराच्या आधाराविना केशरी रंग गडद पृष्ठभागावर विझून जातो.

आमच्या आठवीतील एका विद्यार्थ्याने असा कागद मागवला. त्याला नॅट विमान करायचे होते. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या सेबर विमानांशी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों एकाकी झुंजले, ते नॅटमधून. वायुसेनेला लाभलेले आजवरचे एकमेव परमवीर चक्र त्यांचेच. शिवाय मुलाचे आजोबा याच विमानांच्या देखभालीत आयुष्यभर राबलेले.

त्याने प्रथम प्रतिकृतीला चकचकीत वार्निश दिले, कारण खरखरीत रंगावर डेकलखाली हवा अडकून रुपेरी डाग दिसतात. मग एकेक चिन्ह कोमट पाण्यात भिजवून कागदावरून अलगद सरकवले आणि कुंचल्याने पाणी निपटले. केशरी, पांढरे, हिरवे वर्तुळ पंखावर असे बसले, की जणू रंगवलेलेच.

आजोबांनी विमान हातात घेतले, बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “काम सुरेख आहे बाळा. पण हे विमान आमचं नाही.”

पेटीतील नॅट ब्रिटिश हवाई दलाचे होते: दोन आसनांचे, लांबीला अधिक, पंखांनी मोठे प्रशिक्षण विमान. बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले आपले लढाऊ नॅट एकाच आसनाचे. मुलगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. प्रदर्शन चार दिवसांवर. मी म्हणाले, “अरे, राहू दे. पाहुण्यांपैकी कोणाला कळणार आहे?”

तो म्हणाला, “बाई, आजोबांना कळलंय.”

त्या उत्तराने मी खजील झाले. चिन्ह ही केवळ शोभा नसते. दुसऱ्या महायुद्धात 1942 नंतर या भागातील ब्रिटिश व भारतीय विमानांच्या वर्तुळातला तांबडा ठिपका काढून टाकण्यात आला. जपानी सूर्यचिन्हाचा भास होऊन आपल्याच माणसांनी आपल्याच विमानावर गोळी झाडू नये म्हणून. चिन्ह पाहणाऱ्याला वचन देते, की खाली तेच आहे जे वर लिहिले आहे.

शेवटचा वार्निशचा हात तेवढा बाकी होता. मुलाने चिकटपट्टीने ती चिन्हे उचलून काढली, विमान तांबडे रंगवले आणि पेटीतलीच ब्रिटिश ‘रेड ॲरोज’ पथकाची चिन्हे लावली. शेजारी त्याने एक रिकामा स्टँड ठेवला आहे. त्यावरची चिठ्ठी जरूर वाचा: “येथे भारतीय नॅट येणार आहे.”

मंडळी, साठ वर्षे दिल्लीत आपल्या फाटकावर ‘मराठी माध्यम’ ही अक्षरे आहेत. तीही चिन्हच. आत वर्गात मराठीतून विचार होतो का, मधल्या सुट्टीत ती मुलांच्या ओठी येते का, हे मी त्या दिवसापासून नव्याने विचारू लागले आहे. सगळी उत्तरे समाधानकारक नाहीत. जिथे उणे आहे, तिथे आम्ही रिकामा स्टँड ठेवू, खोटे डेकल लावणार नाही. तो स्टँड भरण्यासाठी मात्र आपल्या सर्वांची, विशेषतः घरी मराठी बोलणाऱ्या आजी-आजोबांची, साथ हवी.