कुरळ्या केसांच्या श्वानाची पावसाळ्यातील निगा

(मुळगाव, ता. डिचोली येथील ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



१९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी पूडल व लॅब्राडोर यांच्या संकरातून अंधांना वाट दाखविणारा श्वान तयार केला. एका अंध महिलेच्या पतीस श्वानाच्या केसांची बाधा होत असे. म्हणून केस कमी गळणारा श्वान हवा होता. पूडलच्या वंशाचे असे संकरित श्वान आज आपल्याकडेही हौसेने पाळले जातात.

परंतु जो केस गळून खाली पडत नाही, तो अंगावरच गुंततो आणि त्याच्या जटा होतात. गोमंतकाच्या पावसाळी हवेत ओली जट लवकर वाळत नाही. तिच्याखाली कातडी चिघळते आणि गोचिडी दडतात. गोचिडीमुळे येणारा ताप वेळीच ओळखला नाही, तर श्वान दगावू शकतो.

म्हणून आधी कंगवा, मग स्नान, हा नियम पाळावा. कारण भिजलेली जट अधिक आवळते. केस थराथराने बाजूस सारून कातडीपर्यंत विंचरावेत. कानांमागे, काखेत, जांघेत व गळपट्ट्याखाली विशेष पाहावे. घट्ट जट कात्रीने कापू नये; तिच्यासोबत वर ओढली गेलेली कातडी कापली जाते. अशा वेळी जाणकाराकडून यंत्राने केस उतरवून घ्यावेत. स्नानानंतर केस मुळापर्यंत कोरडे करावेत. पावसाळ्यापूर्वी ते आखूड करून घेणे उत्तम.

शिक्षकांनी हे काम मुलांस अवश्य शिकवावे. मुके जनावर आपले दुखणे सांगत नाही. रोज विंचरणाऱ्या हातालाच ते प्रथम कळते. जखम वा ताप आढळल्यास विलंब न करता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, ही विनंती.