जुनीं घड्याळें आणि त्यांचा खरेपणा

केवळ वेळ कळावी म्हणून जुनें मनगटी घड्याळ विकत घेणारा मनुष्य आज विरळाच. २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानांत सैको कंपनीनें क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या स्फटिकाच्या कंपनांवर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस ठेवलें, आणि अचूकपणाच्या बाबतींत चावीच्या घड्याळाची सद्दी तेथेंच संपली. चावीचें चांगलें घड्याळहि दिवसाकाठीं कांहीं सेकंद मागेंपुढें होतें. स्फटिकाचें साधें घड्याळ तितकेंच चुकावयास महिना घेतें. असें असूनहि चावीचीं जुनीं घड्याळें शोधणारा, जमविणारा आणि विकणारा मोठा वर्ग आहे. त्यांना त्यांत काय गवसतें, आणि या व्यवहारांत धोका कोठें आहे, हें पाहण्यासारखें आहे.

चावीच्या घड्याळाची रचना कोणालाहि समजावी अशी आहे. चावी दिली म्हणजे पोलादी कमान गुंडाळली जाते. ती उलगडूं लागली कीं तिची शक्ति दंतचक्रांच्या मालिकेंतून एका छोट्या चाकापर्यंत पोंचते. हें चाक केसासारख्या बारीक कमानीच्या योगानें सारखे झोके घेतें, आणि प्रत्येक झोक्यास चक्रमालिकेला एकच पाऊल पुढें जाऊं देतें. जुन्या घड्याळांत असे ठोके बहुधा तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला ५ पडतात. चाकांचे आंस झिजूं नयेत म्हणून ते माणकांत बसवितात. पण '१७ ज्वेल' हीं अक्षरें वाचून कोणीं भुलूं नये. हीं माणकें कृत्रिम असतात व त्यांची किंमत अगदीं थोडी असते. खरी मौज ही कीं, या यंत्राचा प्रत्येक भाग डोळ्यांनीं दिसतो, हातानें काढतां येतो आणि पुन्हां बसवितां येतो. कुशल घड्याळजीच्या हातीं साठ वर्षांचें यंत्रहि पुन्हां चालूं लागतें.

आपल्या देशांत वेस्ट एंड वॉच कंपनी व फेव्हर-ल्यूबा यांचीं स्विस घड्याळें स्वातंत्र्यापूर्वींपासून विकलीं जात. पुढें १९६१ मध्यें हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीनें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें बंगलोर येथें घड्याळांचा कारखाना काढला. पहिल्या घड्याळांचें वितरण पंडित नेहरूंच्या हस्तें झालें. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कांचन' हीं नांवें हळूहळू घरोघर पोंचलीं. मॅट्रिक झालेल्या मुलाला, लग्नांत जांवयाला, निवृत्त होणाऱ्या कारकुनाला एच. एम. टी.चें घड्याळ देण्याची रीतच पडली. नंतर स्फटिकाच्या घड्याळांची लाट आली, कारखाना तोट्यांत गेला, आणि २०१६ मध्यें ही घड्याळकंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें संमति दिली. जी वस्तु कोणत्याहि दुकानांत दिसे, तिच्याभोंवतीं एकाएकीं आठवणींचें वलय आलें आणि तिचे भाव चढले.

भाव चढले कीं भेसळ मागोमाग येते. 'जनता' आणि 'पायलट' या दोहोंत एकाच जातीचें मशीन आढळतें. त्यामुळें साध्या 'जनता'ची तबकडी बदलून तिचें 'पायलट' करणें कठीण नसतें. कारखान्यानें कधींहि न काढलेल्या रंगांच्या तबकड्याहि बाजारांत येतात. जुन्या तबकडीवर नवा रंग चढवून आणि निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेल्या अशा मालाला परदेशचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवितात. मुंबईच्या नांवाला ही गोष्ट खचित शोभत नाहीं.

यांत नुकसान केवळ गिऱ्हाइकाचें होत नाहीं. कारखाना मिटल्यावर सुटे भाग मिळण्याचें मुख्य ठिकाण म्हणजे दुसरें जुनें घड्याळ. एक सजविलेलें घड्याळ उभें राहतें, तेव्हां त्यासाठीं दुसरीं खरीं घड्याळें मोडलेलीं असतात. आणि खरवडून टाकलेली मूळ तबकडी पुन्हां कोणालाहि निर्माण करतां येत नाहीं.

याचा अर्थ दुरुस्तीच करूं नये असा नव्हे. तुटलेली कमान, फुटलेली कांच, झिजलेला पट्टा हे बदलावयाचेच भाग आहेत. तबकडी, कांटे व पेटी यांवर मात्र घड्याळाची ओळख अवलंबून असते. त्यांतील कांहीं बदललें असल्यास विकणारानें तें आपण होऊन सांगावें. सांगून विकलेलें दुरुस्त घड्याळ हा सचोटीचा व्यापार होय; तेंच न सांगतां विकलें तर ती फसवणूक होय.

घेणारानेंहि डोळस असावें. मागचें झांकण उघडून मशीन पाहण्याचा आग्रह धरावा. तबकडीवरील अक्षरें भिंगाखालीं पाहावींत. कारखान्याचें अक्षर रेखीव असतें, हातानें उतरविलेलें जाड व ओघळलेलें दिसतें. १९६० पूर्वींच्या पुष्कळ घड्याळांच्या कांट्यांवर रेडियमचा लेप असे. त्यांतील चमकणारें द्रव्य आतां निकामी झालेलें असतें. म्हणून असें घड्याळ अंधारांत लखलखूं लागलें, तर लेप नवा आहे असें समजावें. मूळ लेप मात्र कोणींहि खरवडूं नये. त्याची चमक गेली तरी रेडियमचा किरणोत्सर्ग निम्मा होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात.

सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती ज्यांच्या कपाटांत वडिलांचें किंवा आजोबांचें घड्याळ पडून आहे अशा घरांना. विकावयाचें असो वा वापरावयाचें, तें 'नव्यासारखें' करून घेण्याचा मोह होतो. संग्राहक मात्र नव्या रंगाच्या तबकडीपेक्षां पिवळसर पडलेल्या मूळ तबकडीलाच अधिक किंमत देतात. म्हणून घड्याळजीला तीनच गोष्टी सांगाव्या: यंत्राची साफसफाई व तेलपाणी करावें, तबकडीला हात लावूं नये, आणि जो भाग बदलणें भागच पडेल, तो जुना भाग कागदांत बांधून परत द्यावा. ती लहानशी पुडी घड्याळाबरोबर जपून ठेवावी. पुढें तें घड्याळ ज्याच्या हातीं जाईल, त्याला त्याचा खरा इतिहास त्या पुडीवरूनच कळेल.