जुनी हत्यारे, नवे हात



या व्यासपीठावरून आपण साहित्य, इतिहास, अर्थकारण अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने ऐकता. आम्ही विद्वान नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते लेथपाशी उभे राहून, कामगारांच्या सभांत बसून आणि रात्री उसनी पुस्तके वाचून झाले. अशा माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. मुलांना संगणक शिकविण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर त्याने काय म्हणून बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, हत्यार कोणाच्या मालकीचे, ते केव्हा आणि कोणी बदलावे, आणि बदलले तर कारागिराच्या हातातल्या कसबाचे काय व्हावे, हा कामगार चळवळीचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे. आज तोच प्रश्न कामगाराच्या मुलापुढे संगणकाच्या पडद्यावर उभा आहे. आमच्या संघटनेच्या कचेरीत संध्याकाळी मुलांचा संगणकाचा वर्ग चालतो. तेथील यंत्रे कचेऱ्यांनी मोडीत काढलेली आहेत. त्यामुळे हा विषय आम्हांला पुस्तकातून नव्हे, तर रोजच्या अडचणींतून कळला.

सॉफ्टवेअर जुने होते म्हणजे नेमके काय होते? लोखंड गंजते, पट्टा झिजतो, बेअरिंग आवाज करू लागते. सॉफ्टवेअरला यांतले काहीच होत नाही. वीस वर्षांपूर्वीची प्रत आज अक्षर न अक्षर तशीच असते. बदलतो तो तिच्या खालचा पाया. कोणत्याही वर्कशॉपमधल्या जुन्या माणसाला विचारा. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ साली बोल्टच्या आट्यांचे माप घालून दिले. त्याप्रमाणे अर्ध्या इंचाच्या बोल्टला एका इंचात बारा आटे येतात. पुढे मेट्रिक माप आले आणि बारा मिलिमीटरच्या बोल्टला पावणेदोन मिलिमीटरचा आटा आला. दुरून पाहिले तर दोन्ही बोल्ट सारखेच वाटतात; पण एकाचा नट दुसऱ्यावर बसत नाही. नट खराब झालेला नसतो, आटे बदललेले असतात. जुने सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालत नाही, तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेले असते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. लहान मुलांना संगणकाला आज्ञा द्यायला शिकवावे, ही कल्पना नवी नाही. १९६७ साली अमेरिकेत वॉली फर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी 'लोगो' नावाची भाषा तयार केली. तिच्यात मूल एका कासवाला हुकूम देते : शंभर पावले पुढे जा, नव्वद अंशांनी उजवीकडे वळ, आणि हे चार वेळा सांगितले की चौकोन तयार होतो. याच विचारातून पुढे 'स्क्रॅच' निघाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मिचेल रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडविले आणि २००७ साली सर्वांना फुकट खुले केले. यात आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत; रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. चुकीचा ठोकळा चुकीच्या जागी बसतच नाही. दहा वर्षांच्या मुलाला 'पुन्हा पुन्हा करा', 'जर असे असेल तर' या गोष्टी खेळता खेळता समजतात.

या स्क्रॅचची कुंडली पाहण्यासारखी आहे. २००९ साली १.४ ही आवृत्ती आली. ती दुबळ्या यंत्रावर आणि इंटरनेटवाचून चालते. मे २०१३ मध्ये २.० ही आवृत्ती आली. ती अॅडोबी कंपनीच्या 'फ्लॅश'वर बेतलेली होती. जुलै २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले की, २०२० अखेर फ्लॅश बंद होईल. ३१ डिसेंबर २०२० रोजी ते बंद झाले आणि १२ जानेवारी २०२१पासून फ्लॅशचा प्लेअर आपण होऊन मजकूर दाखविण्यास नकार देऊ लागला. कामगारांच्या भाषेत सांगायचे तर साडेतीन वर्षांची नोटीस मिळाली आणि मग फाटकाला कुलूप लागले. स्क्रॅचच्या मंडळींनी ती नोटीस वाया घालविली नाही. त्यांनी सारे नव्याने लिहिले आणि २ जानेवारी २०१९ रोजी ३.० ही आवृत्ती दिली. तिला फ्लॅशची गरज नाही. ब्राउझरला जी भाषा मुळातच समजते तिच्यात ती लिहिलेली आहे. परंतु फ्लॅशवर बेतलेले इतर पुष्कळ शैक्षणिक खेळ आणि धडे, ज्यांना कोणी वाली नव्हता, ते त्या कुलपामागे राहिले. त्यांतले काही आता 'रफल' नावाच्या, स्वयंसेवकांनी चालविलेल्या प्रयत्नामुळे पुन्हा दिसू लागले आहेत.

आमच्या वर्गातल्या यंत्रांवर जुने विंडोज आहे. स्क्रॅचची नवी आवृत्ती स्वतंत्रपणे बसवायची तर विंडोज १० किंवा त्यापुढचे लागते. म्हणून आम्ही १.४ वापरतो. यात मुलांचे नुकसान होते काय? हा प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस तपासला. पुनरावृत्ती, अट, चल संख्या, एका पात्राने दुसऱ्याला दिलेला निरोप, हे सारे १.४ मध्ये आहे आणि ३.० मध्येही तेच आहे. स्वतःचा नवा ठोकळा बनविणे किंवा एका पात्राच्या अनेक प्रती काढणे या गोष्टी मात्र २.०पासून आल्या, हुशार मूल काही महिन्यांत त्या भिंतीपाशी पोचते. दुसरे असे की, १.४ मध्ये केलेले काम ३.० मध्ये उघडते, पण ३.० मधले काम १.४ मध्ये उघडत नाही. म्हणजे जुन्यातून नव्यात जायला वाट आहे, परतीची नाही. ही वाट आहे म्हणूनच आम्ही निर्धास्तपणे जुने वापरतो. मुलाने आमच्या खोलीत केलेला खेळ तो उद्या दुसऱ्या यंत्रावर नेऊ शकतो. त्याचे श्रम त्याचेच राहतात. उलटही एक उदाहरण आहे. प्रकाश आणि आवाज मोजणारी 'पिकोबोर्ड' नावाची पट्टी १.४ला जोडता येई, ३.० मध्ये तिची सोय राहिली नाही. ज्या शाळेपाशी अशा पट्ट्या आहेत, तिने जुनी आवृत्ती जपून ठेवली तर तिला मागासलेली म्हणण्याचे कारण नाही.

आता जुन्याचीच दुसरी बाजू पाहा. 'टर्बो सी++' हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी ऐकलेले असेल. बोरलँड या कंपनीने ते १९९० साली बाजारात आणले आणि त्या काळी ते उत्तम हत्यार होते. निळ्या पडद्यावर प्रोग्राम लिहायचा, एक कळ दाबायची आणि तेथेच चालवून पाहायचा. आपल्या देशातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ते आले आणि ठाण मांडून बसले. पुढे १९९८ साली सी++ या भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीपासून फरक पडला. टर्बोमध्ये मुलाने जे लिहायचे ते आजचा कंपायलर पहिल्याच ओळीला नाकारतो. कारण त्या ओळीत ज्या फाइलचे नाव असते ती त्याच्यापाशी नसते.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती पगाराची असल्याने आम्हांला चटकन उमगली. टर्बोमध्ये साध्या पूर्णांकाला दोन बाइटांची जागा मिळते. तेवढ्या जागेत ३२,७६७ ही सर्वांत मोठी संख्या मावते. आता वीस हजार पगाराच्या दोन कामगारांच्या पगाराची बेरीज करा. उत्तर येते उणे पंचवीस हजार पाचशे छत्तीस! दोघांनी महिनाभर राबून मालकाचेच देणे करून ठेवले! आजच्या संगणकावर त्याच पूर्णांकाला बहुधा चार बाइट मिळतात आणि बेरीज बिनचूक चाळीस हजार येते. टर्बोवर शिकलेला मुलगा मोठ्या संख्येसाठी वेगळा प्रकार वापरायला शिकतो हे खरे. पण ज्या यंत्राची ही मर्यादा आहे ते यंत्र आता कोणत्या नोकरीत त्याला भेटणार आहे?

हे टर्बो आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर सुरूही होत नाही. म्हणून विद्यार्थी 'डॉसबॉक्स' घेतात. हा प्रोग्राम नव्या संगणकाच्या पोटात जुन्या डॉसच्या काळातल्या संगणकाचे सोंग उभे करतो आणि टर्बोला वाटते की आपण आपल्याच घरी आहोत. डॉसबॉक्स करणाऱ्यांचे आम्ही कौतुकच करतो. जुने खेळ, जुने प्रोग्राम त्यांच्यामुळे जिवंत राहिले. परंतु नवीन यंत्र विकत घ्यायचे, त्यात जुने यंत्र खोटे खोटे उभारायचे आणि त्यात पस्तीस वर्षांपूर्वीची बोली शिकायची, याला शिक्षण म्हणावे काय? आमच्या ओळखीच्या एका फिटरची मुलगी पदविका घेऊन मुलाखतीला गेली. तेथे तिला प्रोग्राम लिहायला सांगितले. तिने वर्गात शिकविल्याप्रमाणे लिहिला आणि पडदा चुकांच्या यादीने भरून गेला. तिचा तर्क बरोबर होता, बोली जुनी होती. तिला कोणी आधी सांगितले असते तर आठवड्याभरात तिने नवी बोली उचलली असती. पण तिच्या महाविद्यालयात ते कोणी सांगितले नाही.

येथे शिक्षकांवर तोंडसुख घेणे सोपे आहे. आम्ही ते घेणार नाही. शिक्षकापुढे अभ्यासक्रम असतो, छापील प्रात्यक्षिकांची वही असते, बाहेरून येणारा परीक्षक असतो. एकट्या माणसाने हत्यार बदलले तर त्याच्या मुलांचे गुण जातात. हे आम्ही समजू शकतो. कारण एका कामगाराने एकट्याने पद्धत बदलायची ठरविली तर त्याचे काय होते, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु पैशांची सबब मात्र चालणार नाही. 'जीसीसी' हा कंपायलर फुकट आहे, १९८७पासून आहे, आणि आजच्या प्रमाणाप्रमाणे चालतो. तो घ्यायला पैसे लागत नाहीत, ठराव लागतो.

तेव्हा दोन्ही ठिकाणी हत्यार जुनेच. मग फरक कोठे? स्क्रॅच १.४ आमच्या वर्गात राहते ते मुलाच्या सोयीसाठी : त्याच्यापाशी नवे यंत्र नाही म्हणून. टर्बो महाविद्यालयात राहते ते व्यवस्थेच्या सोयीसाठी : वही पुन्हा छापायला नको म्हणून. पहिल्यात शिकलेली गोष्ट नव्यातही खरी राहते आणि केलेले काम पुढे नेता येते. दुसऱ्यात शिकलेले निम्मे पुसून टाकावे लागते, आणि त्याची किंमत सोय उपभोगणारा देत नाही, मूल देते. हत्याराचे वय किती, हा प्रश्न आमच्या मते दुय्यम आहे. त्याच्या जुनेपणाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे आधी विचारले पाहिजे.

कसब आणि हत्यार यांचे नाते कसे असावे, याचा एक चांगला नमुना आमच्याच धंद्यात आहे. लेथवर संगणकाचे नियंत्रण आले तेव्हा हातच्या कामगाराला धडकी भरली होती. पण त्या यंत्राला द्यायच्या मूळ आज्ञांना आंतरराष्ट्रीय प्रमाण मिळाले. 'जी शून्य एक' म्हणजे ठरल्या गतीने सरळ रेषेत कापत जा. प्रत्येक कंपनीचे काही वेगळे चाळे असतातच; पण पाया समान. म्हणून एका कारखान्यात शिकलेला ऑपरेटर दुसऱ्या कारखान्यात जाऊन उभा राहू शकतो. प्रमाण सर्वांचे असले की कसब कामगाराबरोबर चालते. किल्ली एका कंपनीच्या खिशात असली की ती कंपनी कुलूप लावील त्या दिवशी कसबही आत अडकते. फ्लॅशने हेच दाखविले.

आता थोडे व्यवहाराचे. ज्यांच्या घरी किंवा शाळेत जुनी यंत्रे आहेत त्यांनी ती भंगारात घालू नयेत. मात्र विंडोज एक्सपीला २०१४ साली आणि विंडोज ७ला जानेवारी २०२० मध्ये सुरक्षेची डागडुजी मिळणे थांबले आहे. अशी यंत्रे इंटरनेटला जोडू नयेत. त्यांवर स्क्रॅच १.४ सुखाने चालते. इंटरनेट हवेच असेल तर फुकट मिळणारे लिनक्स बसवावे. जुने सॉफ्टवेअर मूळ कर्त्याच्या ठिकाणाहूनच घ्यावे. 'फ्लॅश पुन्हा सुरू करा' म्हणून कोणी काही देऊ लागला तर घेऊ नये. मुलाच्या कामाची दुसरी प्रत ठेवावी आणि ती वर्षातून एकदा नव्या यंत्रावर उघडून पाहावी.

आणि शेवटची गोष्ट आपल्या सर्वांच्या हातातली आहे. या सभेत शाळांच्या समित्यांवर असलेली मंडळी आहेत, ग्रंथालयाचे चालक आहेत, पालक आहेत. गावच्या वाचनालयात दोन नवी यंत्रे ठेवा. आमच्यासारख्या वर्गातली मुले आठवड्यातून एकदा तेथे येतील आणि जुन्यावर केलेले काम नव्यावर पुढे नेतील. आणि आपल्या महाविद्यालयात जाऊन शांतपणे दोन प्रश्न विचारा : येथे शिकलेले बाहेर चालते काय? येथे केलेले काम मुलाला बरोबर नेता येते काय? एका पालकाने विचारले तर उत्तर मिळणार नाही. पन्नास पालकांनी एकत्र येऊन विचारले तर वही पुन्हा छापली जाईल. तीस वर्षे संघटनेचे काम करून आम्ही जे शिकलो ते एवढेच, आणि ते येथेही लागू पडते असे आम्हांला वाटते.